आक्का भांडेनाशी झाली तेव्हा

आक्काच्या सासूबाई डोळा दाखवायला बीडला आल्या होत्या. मोतीबिंदू काढून झाला होता, डॉक्टरांनी शेवटची तपासणी करून चष्म्याचा नंबर दिला होता. दवाखान्यातून त्या रिक्षाने थेट माझ्या घरी आल्या. पाणी प्यायल्या, चहा नको म्हणाल्या, आणि मग ज्या कामासाठी आल्या होत्या ते सांगितलं. डोळा हे निमित्त होतं. त्यांना सुनेची तक्रार करायची होती.

सासूने सुनेची तक्रार सुनेच्या भावाकडे करणं, यात बातमी काहीच नाही. वेगळी होती ती तक्रार. सून गेले कित्येक दिवस गोड बोलते आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

"पाव्हणं, ती भांडंना झालीय," त्या म्हणाल्या. "काय बी म्हना, हो म्हनती. मी मुद्दाम म्हनलं, भाजी खारट झालीय. हो म्हनली. भाजी अळणी व्हती."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मला भ्या वाटाय लागलंय, एवढंच बोलल्या आणि पिशवीतून नवा नंबर लिहिलेला कागद काढून नीट घडी घालून परत ठेवला.

आक्का माझी थोरली बहीण. नांदूरघाटपासून आत, एका लहान गावात तिचं सासर. गावात ती आशा सेविका आहे. गरोदर बायकांची नोंद, बाळांचं लसीकरण, म्हाताऱ्यांचं बीपी, घरोघरचे सर्व्हे, आणि आता ते सगळं मोबाईलमध्ये भरणं, असं तिचं काम. सासूबाईंना सगळी गल्ली आत्याबाई म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. आक्का आणि आत्याबाई यांचं भांडण हा त्या घराचा रोजचा कार्यक्रम होता. दूध झाकून तापवायचं की उघडं, कोंबड्या कधी सोडायच्या, रेडिओ केवढ्याने लावायचा, विषय कोणताही चाले. दोघींचे आवाज सारखेच दणकट. भांडण संपलं की एकाच ताटलीत चटणी घेऊन दोघी जेवायला बसत. गल्लीला याची इतकी सवय होती की आवाज आला नाही तर शेजारीण कुंपणावरून डोकावून बघे.

दिवाळी झाली की ती गल्ली रिकामी होते. माणसं ऊसतोडीला जातात. आमचे दाजी कारखान्याकडे उसाचा ट्रॅक्टर चालवतात, म्हणजे तेही नसतात. दारांना कुलपं लागतात आणि ओट्यांवर म्हातारी माणसं उरतात. निघायच्या दिवशी, गाडीत भांडीकुंडी चढत असताना, घरातलं कोणीतरी आक्काच्या दाराशी येतं. हातात म्हातारीच्या गोळ्यांची पिशवी आणि घराची जादा किल्ली. "आक्का, लक्ष असू द्या," असं म्हणायचं आणि पिशवी तिच्या हातात द्यायची. पहिल्या वर्षी असं एकच घर आलं होतं, चुलत दिराचं. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं. पुढे दरवर्षी एकदोन घरं वाढत गेली. यात कोणी कोणावर अन्याय केला असं म्हणता येणार नाही. ती औषधपाण्याचं जाणती, ती गावातच राहते, आणि ती हो म्हणते. तिन्ही कारणं खरी होती.

आत्याबाई परत गेल्या त्या रविवारी मी गावाला गेलो. एसटीने नांदूरघाट, तिथून रिक्षा.

पोचलो तेव्हा शेजारणीची शेळी आक्काच्या दारातल्या मेथीच्या वाफ्यात उभी होती आणि निवांत खात होती. शेळीची मालकीण धावत आली. तोंडात उत्तर तयार ठेवूनच ती आली असावी, कारण कमरेवर हात ठेवून थांबली आणि आक्काच्या तोंडाकडे बघत राहिली. आक्का ओट्यावर उभी होती. तिने वाफ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "खाऊ द्या. मुकं जनावर हाय."

शेजारणीने कमरेवरचे हात खाली घेतले. मग शेळीचा कान धरून तिला घेऊन गेली. जाताना दोनदा मागे वळून बघितलं. आत्याबाई दारात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बघितलं का, असं त्या नजरेत होतं.

आक्काने चहा केला. माझा कप मला दिला, स्वतःचा चुलीशेजारी ठेवला. तेवढ्यात एका म्हाताऱ्याची गोळी सापडेना म्हणून निरोप आला, ती जाऊन आली. मग एका आजीला टीव्ही लावून हवा होता. मग फोन वाजला. फोन माझा होता, पण दचकली ती. तिच्या कपातल्या चहावर साय धरली होती. तिने तो उचलला, पाहिला आणि ओतून दिला.

बरं नाही का, असं मी विचारलं. बरं आहे म्हणाली. झोप लागते का विचारलं, तर लागते म्हणाली, मग थोड्या वेळाने म्हणाली, लागत नाही. मी गप्प राहिलो. समोरच्याला बोलू द्यायचं असेल तर गप्प राहायचं, हे बातमीदारीच्या धंद्याने शिकवलेलं आहे.

"मला कुनाचाच राग येईना झालाय," ती भांडी आवरता आवरता म्हणाली. "परवा त्या पलीकडच्या मामांचं बीपी वाढलं. पट्टा बांधला, आकडा बघितला, गोळी दिली. दारातून परत फिरले तवा ध्यानात आलं, कसं वाटतंय म्हनून इचारलंच न्हाई मी त्यांना. भिताडाला पट्टा बांधावा तसा बांधला."

मग तिने सांगितलं की तिला काम सोडायचंय. उपकेंद्राच्या सिस्टरच्या कानावर घातलंय, गल्लीत अजून कोणाला माहीत नाही. माहीत झालं तर काय होईल, तेही तिने हिशेबात धरलं होतं. ऊसतोड जोडीने चालते. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधायची. घरच्या म्हातारीकडे बघायला बाई परत आली की जोडी मोडली, आणि मागे राहिलेला गडी तिथे बसून राहणार. आक्का बाजूला झाली तर त्या गल्लीतल्या किती जोड्या हंगामाच्या मध्यावर मोडतील, ते तिला तोंडपाठ होतं. आणि सोडलं नाही तर? ते तिने सांगितलं नाही. पदराने हात पुसले आणि आणखी एका घरी जाऊन आली.

तिला ते काम आवडत होतं, हे इथे नोंदवायला हवं. गावातलं कुठलंही मूल दाखवा, ते कोणत्या पावसाळ्यात जन्मलं आणि पहिल्या लसीला किती रडलं हे ती सांगे. ते काम सुटलं असतं तर तिचं अर्धं बोलणं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उपकेंद्रात सिस्टरना भेटलो. पन्नाशीच्या, हसऱ्या बाई. आक्काचं काम सोडण्याचं त्यांनी अजून वर कळवलं नव्हतं. कळवणारही नाही म्हणाल्या, इतक्यात तरी. त्यांनी हे स्वतः अनुभवलं होतं. आष्टीकडे नेमणूक असताना बाह्यरुग्ण विभागात दिवसभर माणसं तपासून त्या घरी जात. एका रात्री नवऱ्याला वाढलं आणि भाजीचा चमचा हातात धरून म्हणाल्या, "पुढचा." नवरा ताट घेऊन मुकाट उठला आणि मागचा मुलगा पुढे सरकला. सगळे खूप हसले. दोन दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की सगळ्यांत त्या तेवढ्या हसल्या नव्हत्या. तेव्हापासून घरी आल्यावर अंघोळ होऊन चहा होईपर्यंत कोणी दवाखान्याचं नाव काढायचं नाही, असा घरात नियम आहे. अगदी नवऱ्याला ताप आला तरी.

मला आमच्या कार्यालयातले एक उपसंपादक आठवले. निवडणुकीच्या धामधुमीत त्यांच्या मुलीने घरून फोन करून शाळेतली गंमत सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी विचारलं, किती शब्द आहेत. तेही आम्ही वर्षभर विनोद म्हणून सांगत होतो.

सिस्टरांचं म्हणणं सरळ होतं. आक्काला रजा घेता येते, त्या तिचं काम शेजारच्या गावच्या आशाकडे देऊ शकतात. पण अडचण कामाची नाही, गल्लीची आहे. गल्लीला रजा कोण सांगणार?

तोपर्यंत गल्लीने आणि गावाने वेगळंच ठरवलं होतं. आक्का शांत झाल्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. पूर्वी रेशनच्या रांगेत, ग्रामसभेत, एसटीत तिचा आवाज वरचा असे. आता कोणी काही म्हटलं तरी ती हो म्हणे. गावातल्या जाणत्या मंडळींनी याचा अर्थ असा लावला की बाई सेवा करून करून मोठी झाली. तेव्हा तिचा सत्कार केला पाहिजे. मी बीडला परतलो होतो, तिथे मला निरोप आला की फोटोग्राफर घेऊन या.

सत्कार शाळेच्या व्हरांड्यात झाला. खुर्च्या, माईक, शाल, नारळ, सगळं रीतीप्रमाणे. म्हातारी मंडळी सतरंजीवर पुढे बसली होती. आक्का खुर्चीत अंग चोरून बसली होती. मुख्याध्यापकांनी भाषण केलं, ते चांगलं बोलतात. आक्का या गावासाठी चंदनासारख्या झिजल्या, असं ते म्हणाले. टाळ्या पडल्या. नंतर एक निवृत्त गृहस्थ उठले. त्यांनी जाहीर केलं की असा माणूस लाभला आहे तर आता वृद्धांसाठी आठवड्याचं भजनही आक्कांनीच चालवावं. सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं. आक्का म्हणाली, हो.

तेव्हा आत्याबाई उठल्या. नवा चष्मा लागलेला होता, माईक कुठे आहे ते त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"झिजल्या म्हनता," त्या मुख्याध्यापकांना म्हणाल्या, "आन टाळ्या कावून वाजवता? चंदन हाय का ती? माझी सून हाय. एक महिना झाला ती माझ्याशी भांडली न्हाई. शाल ठिवा तुमच्यापाशी. तिला दोन दिस कुनी हाक मारू नगा, तेवढं द्या."

 शेळीची मालकीण एकदम म्हणाली की मेथीच्या वेळीच तिला शंका आली होती. मग दुसरी म्हणाली, तिलाही आली होती. शंका सगळ्यांनाच आलेली होती असं दिसलं. फक्त प्रत्येकाने ती आपापल्या ओट्यावर ठेवली होती.

यानंतर गल्लीतले तात्या बोलले. तात्यांकडे भावकीच्या सामाईक विहिरीची पाळी ठेवण्याचं काम आहे. त्या विहिरीत अनेक घरांचे हिस्से आहेत. ज्याचा वार असेल त्यानेच मोटार लावायची, दुसऱ्याने स्टार्टरला हात लावायचा नाही. आणि आठवड्यातला एक वार कोणाचाच नसतो. त्या दिवशी विहीर बंद. नाहीतर उन्हाळ्याच्या तोंडाला मोटार गाळ ओढते. हा नियम मोडल्यावरून भावकीत डोकी फुटलेली आहेत, म्हणून आता कोणी मोडत नाही. तात्यांनी भाषण केलं नाही. आक्काचीही पाळी लावू आणि एक वार बंद ठेवू, एवढंच म्हणाले. ज्याला चालता येतं त्याने न चालणाऱ्याकडे जायचं, ज्याला दिसतं त्याने गोळी ओळखायची. कोणाला ऐकू येतं असा प्रश्न निघाला, तेव्हा बराच वेळ चर्चा झाली.

कार्यक्रमाच्या अध्यक्षांनी दोनदा घड्याळ पाहिलं. तोवर सतरंजीवर वार वाटून झाले होते. आक्का म्हणाली, मी बघते ना, कशाला त्रास. आत्याबाई म्हणाल्या, तू गप.

बंदचा पहिला वार दुसऱ्याच दिवशी ठेवला. मी मुद्दाम थांबलो.

सकाळी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. शेळीची मालकीण गोळ्या देऊन आली, तात्या काठी टेकत तीन घरं फिरून आले. आक्का ओट्यावर हात मांडीवर ठेवून बसली होती, एसटीची वाट बघत असल्यासारखी. मग पहिली आजी आली. काम काही नव्हतं, आक्काला आराम पडतोय का एवढं विचारायला आली होती. आक्काने तिला चहा केला. ती उठली तोवर दुसरी आली, पाय वर करून बस म्हणाली. तिलाही चहा झाला. पलीकडचे मामा आले, डोक्याला ताण देऊ नका म्हणाले, आणि ताण कसा वाईट असतो याची त्यांच्या मेव्हण्याची गोष्ट सांगितली. ती लांबली. दुपारपर्यंत गल्लीतलं एकही माणूस राहिलं नाही, सगळे आक्काच्या आरामाची चौकशी करून गेले. आत्याबाई काठी घेऊन उंबऱ्यात बसल्या, तर लोक मागच्या दाराने येऊ लागले. त्या एका दिवशी त्या घरात जेवढा चहा झाला तेवढा लग्नातही झाला नसेल.

संध्याकाळी आत्याबाईंनी निकाल दिला. गावात राहून हिला सुट्टी मिळायची नाही. पाव्हणं, हिला घेऊन जावा. सिस्टरांनी त्याच संध्याकाळी शेजारच्या आशाला फोन केला. आक्काने पिशवी भरली. आत्याबाईंनी ती उलटी केली, आतून तिघाजणांच्या गोळ्या निघाल्या. त्या काढून घेतल्या आणि पिशवी परत भरून दिली.

बीडला आल्यावर आक्का झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी उठली आणि पहिला प्रश्न विचारला, कुणाचा फोन आला होता का. आला नव्हता. फोन करायचा नाही असं आत्याबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं. आक्काला थोडं वाईट वाटलं, ते तिने लपवलं नाही. मग जेवली आणि परत झोपली. त्यानंतरच्या दिवशी माझ्या बायकोबरोबर बाजारात गेली, भेळ खाल्ली, तिखट कमी आहे म्हणून दुसरी करून घेतली. संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून म्हणाली की चहापत्तीचा डबा ओल्या जागी ठेवला आहे, असा ठेवतात का कोणी. बायकोने ही बातमी मला संमिश्र भावनेने दिली.

परत जायच्या दिवशी मी तिला सोडायला बसस्थानकावर गेलो. गाडी लागली तशी तिने खिडकीतून टॉवेल आत टाकला. ज्याचं कापड त्याची जागा, हा एसटीचा कायदा आहे. आम्ही दारातून गर्दीबरोबर आत पोचलो, तर टॉवेल बाजूला सारून एक गृहस्थ तिथे बसलेले. टॉवेल कोणाचा हे त्यांना माहीत नव्हतं, असं ते म्हणाले.

आक्का काय करणार, ते मला ठाऊक नव्हतं. त्या क्षणी मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

"टावेल काय आपोआप उडून आला का?" तिने विचारलं. आवाज शेजारच्या गाडीपर्यंत गेला. "उठा. तुमी शिकल्याले दिसता, तुमास्नी कळंना का? उद्या कुनाच्या घराला कुलूप बघून आत बसताल."

गृहस्थ काही म्हणाले, त्यावर ती आणखी बोलली. अर्धी गाडी तिच्या बाजूने झाली, मागच्या सीटवरच्या दोघांनी गृहस्थांची बाजू घेतली, कंडक्टरने निवाडा दिला. आक्का खिडकीशी बसली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती मजेत दिसत होती. मी खाली उतरलो. ते गृहस्थ तिच्याच शेजारी बसले होते. नंतर कळलं की नेकनूर येईपर्यंत तिने त्यांच्या आईच्या गुडघेदुखीची सगळी माहिती काढून दवाखाना सुचवला होता.

गावी पोचल्यावर तिने सिस्टरना सांगितलं, सोडत नाही. पण बंदचा वार बंदच राहील, आणि रोज दुपारीही तिला कोणी हाक मारायची नाही. तोडीवर गेलेल्या घरांना तिने स्वतः एकेक फोन करून हे कळवलं. बहुतेकांनी ऐकून घेतलं. एका म्हातारीच्या मुलाच्या ते मनाला लागलं. तुम्ही बदललात, असं तो उसाच्या फडातून म्हणाला.

"बदलले न्हाई," आक्का म्हणाली. "दमलते."

त्याने पुढे बरेच दिवस फोन केला नाही. मग आईच्या चौकशीला केला, आणि तो आक्काला न करता तात्यांना केला. तात्यांना नीट ऐकू येत नाही, त्यामुळे ते संभाषण साऱ्या गल्लीने ऐकलं.

व्यवस्था बिनचूक नाही. शेळीच्या मालकिणीने सकाळची गोळी एकदा संध्याकाळी दिली, तेव्हापासून सिस्टरांनी पाकिटांना रंगीत दोरे बांधले आहेत. पाळी कोणाची यावरून दोन म्हातारे आठवडाभर बोलत नव्हते. भजन सुरू झालंच नाही. शाल आत्याबाईंनी शेवटी घरी आणली, ती त्या स्वतः पांघरतात, आणि ती कोणाची यावरून घरात रोज वाद होतो.

परवा दुपारी मला एका बातमीसाठी लसीकरणाची थोडी माहिती हवी होती. मी आक्काला फोन लावला. दुपारी तिचा फोन आत्याबाईंकडे असतो.

"झोपलीय," आत्याबाई म्हणाल्या. "कुनी मेलं का?"

कोणी मेलं नव्हतं. मी तसं सांगितलं.

"मग ऊन उतरल्यावर करा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कार्यालयातून बातमीसाठी दोनदा विचारणा झाली. ऊन उतरेपर्यंत मी ती थांबवून ठेवली.